खुनी कोण? : मिस मार्पल ते मानवत

इंग्रजी रहस्यकथांचा एक ठरलेला साचा आहे. डिसेंबरची थंडी, छोटंसं गाव, नाताळसाठी सगळे नातेवाईक एका घरात जमलेले आणि सकाळी त्यातलाच एक जण मेलेला! पोलीस गोंधळतात आणि खुनी शोधून काढते शेजारची एखादी म्हातारी.

हा साचा इतका का चालतो? आपल्या भाषेत सांगायचं तर लेखकाने 'बाउंडरी कंडिशन्स' पक्क्या केलेल्या असतात. सणामुळे सगळे घरातच, बाहेरून कोणी आलेलं नाही. म्हणजे संशयित मोजकेच. शिवाय गाव छोटं. कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाचा वाटणीवरून वाद आहे, हे शेजारणीला इन्स्पेक्टरपेक्षा जास्त ठाऊक!

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल अशीच. तिची पहिली कादंबरी १९३० साली आली. सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यात राहणारी, विणकाम करत बसणारी ही म्हातारी. नवा माणूस भेटला की तो आपल्या गावातल्या कोणासारखा वागतो, एवढंच ती बघते. थोडक्यात काय, तर पॅटर्न मॅचिंग!

पण तेवढ्यावर भागत नाही. 'अ ख्रिसमस ट्रॅजेडी' या कथेत एक नवरा बायकोचा जीव घेणार, हे तिला त्यांना बघताक्षणीच कळतं. कळून उपयोग काय? खून होतोच आणि नवऱ्याकडे तो दुसरीकडे असल्याचा भक्कम पुरावाही असतो. शेवटी गाठ सुटते ती प्रेताच्या डोक्याला न बसणाऱ्या एका टोपीवरून. संशय मनात येतो, पण सिद्ध होतो तो वस्तूवर.

आता पुस्तकातून बाहेर येऊ. नांदेडहून संभाजीनगरकडे रेल्वेने जाताना परभणीच्या पुढे मानवत रोड स्टेशन लागतं. या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ दरम्यान मुलींचे आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधनासाठी आणि मूल व्हावं म्हणून दिलेले हे बळी, असा आरोप होता. तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. १९६८ च्या रामन राघव प्रकरणामुळे गाजलेले हेच ते अधिकारी. २०२४ मध्ये यावर वेब सिरीजही आली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ च्या निकालात न्यायालयाने बजावलं, की गुन्ह्यात सामील असलेल्या माफीच्या साक्षीदाराच्या शब्दालाही स्वतंत्र दुजोरा पाहिजे, आणि तोही त्या त्या आरोपीचा गुन्ह्याशी संबंध दाखवणारा. विचार करा, जो स्वतः तिथे होता म्हणतो, त्याचं एक रीडिंगसुद्धा पुरेसं धरलं जात नाही!

आणि दुजोरा न बघता निकाल लावला तर? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले. अनोळखी माणसं, वेगळा वेश, पॅटर्न जुळला. जमावाने पाचही जणांना ठार मारलं. इथे टोपी बसते का, हे कोणी बघितलंच नाही.

हौशी गुप्तहेर आपल्या प्रत्येकात असतो. तो मारून टाकायची गरज नाही. काही संशयास्पद दिसलं तर काय दिसलं, किती वाजता, कुठे, एवढं नीट लिहून ठेवा. 'मला वाटतं' आणि 'मी पाहिलं' हे दोन कॉलम वेगळे ठेवा. जागेवरच्या वस्तूंना हात लावू नका, पोलिसांना कळवा. आणि एखाद्या अनोळखी माणसाचा फोटो 'सावधान' म्हणून ग्रुपवर आला, तर पुढे ढकलण्याआधी एकच प्रश्न विचारा: याला दुजोरा काय?