आकाशांतून आलेलीं जुनीं पत्रें

पौष महिन्यांतील एखाद्या स्वच्छ रात्रीं, नवाच्या सुमारास, जळगांवच्या किंवा धुळ्याच्या दिव्यांपासून थोडें दूर जाऊन पूर्वेकडे पाहावें. कृत्तिकांचा झुबका, तांबूस रोहिणी, मृग आणि त्याच्या मागून येणारा तेजस्वी व्याध हे सर्व एकदम दृष्टीस पडतात. एकदम दिसतात म्हणून तें सर्व दृश्य ह्याच घटकेचें आहे, असा आपला समज होतो. तो समज बरोबर नाहीं.

प्रकाश अत्यंत वेगवान खरा. परंतु त्यासहि वाट चालावी लागते. ही गोष्ट रोमर नांवाच्या डेन्मार्कच्या ज्योतिर्विदानें १६७६ सालीं दाखवून दिली. गुरूचा एक उपग्रह सुमारें साडेबेचाळीस तासांत गुरूभोंवतीं एक फेरी करतो व प्रत्येक फेरींत त्याच्या छायेंत शिरतो. हीं ग्रहणें ठराविक अंतरानें दिसावयास पाहिजेत. परंतु पृथ्वी गुरूपासून दूर जात असतां तीं उशिरां आणि जवळ येत असतां लवकर दिसत. परगांवीं निघालेला मुलगा दर आठवड्यास घरीं पत्र टाकीत दूर दूर जात राहिला, तर त्याचीं पत्रें आठवड्याहून अधिक अंतरानें येऊं लागतात. त्यांत मुलाचा आळस नसतो. पत्राची वाट लांबलेली असते. रोमरनें हेंच ओळखलें.

आज आपणांस ठाऊक आहे कीं, प्रकाश एका सेकंदांत सुमारें ३,००,००० किलोमीटर जातो. जळगांव ते धुळें हें अंतर सुमारें ९० किलोमीटर. तें तो एका सेकंदांत तीन हजारांहून अधिक वेळां तोडील. सूर्य आपल्यापासून सुमारें १५ कोटि किलोमीटर दूर आहे. ताशीं ६० किलोमीटर वेगाची आगगाडी न थांबतां धांवली, तर तेथें पोहोंचण्यास तिला सुमारें २८५ वर्षें लागतील. प्रकाशास सव्वाआठ मिनिटांहून किंचित् अधिक वेळ पुरतो. तारे इतके दूर आहेत कीं, तेथें किलोमीटर कामास येत नाहींत. म्हणून प्रकाश एका वर्षांत जितका जातो, तितक्या अंतरास प्रकाशवर्ष म्हणतात. नांवांत वर्ष असलें, तरी तें माप अंतराचें आहे, हें विसरूं नये.

आतां पुन्हा त्या ताऱ्यांकडे वळूं. व्याध ८.६ प्रकाशवर्षें दूर आहे. त्याचा आजचा किरण निघाला, तेव्हां इयत्ता आठवींतील विद्यार्थी नुकताच अक्षरें गिरवूं लागला होता. रोहिणी सुमारें ६५ प्रकाशवर्षें दूर; तिचा किरण निघाला, तेव्हां तुमचे आजोबा कदाचित् शाळेंत जात असतील. कृत्तिका सुमारें ४४० प्रकाशवर्षें दूर. त्यांचा प्रकाश निघाला त्या सुमारास ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर स्टीफन्स, जे १५७९ सालीं गोव्यास आले, ते मराठी भाषेशीं परिचय करून घेत होते. मृगाच्या पायाशीं असलेला राजन्य हा निळसर तारा सुमारें ८६० प्रकाशवर्षें दूर आहे. त्याचा प्रकाश निघाला, त्या काळीं भास्कराचार्य हयात होते.

ह्या भास्कराचार्यांचा आपल्या खानदेशाशीं निकट संबंध आहे. त्यांचा जन्म १११४ सालचा. ‘सिद्धांतशिरोमणि’ हा ग्रंथ त्यांनीं वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं लिहिला. पुढें त्यांचा नातू चांगदेव ह्यानें आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ स्थापिला. हें आपणांस तेथील शिलालेखावरून कळतें. निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें १२०७ सालीं श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, मठास दान दिल्याचें त्यांत सांगितलें आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठींत असून, गांवच्या बाजारांतून व तेलाच्या घाण्यांतून मठास द्यावयाचा वाटा त्यांत नमूद आहे.

ताऱ्यांची विद्या शिकून पोटास काय मिळणार, असें कांहीं पालक आम्हांस विचारतात. प्रश्न खोटा नाहीं. फीचे पैसे कष्टानेंच येतात. परंतु आठशें वर्षांपूर्वीं ह्याच मुलुखांतील घाण्याचें तेल ज्योतिषाच्या शाळेस जात होतें, हेंहि त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

ती परंपरा महाराष्ट्रांत आजहि चालूं आहे. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवजवळ खोडद येथील रेडिओ दुर्बिणीस प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. रेडिओ लहरी प्रकाशाच्याच जातीच्या व त्याच वेगाच्या. एका अतिदूरच्या दीर्घिकेंतील हायड्रोजन वायूच्या ज्या लहरी ह्या दुर्बिणीनें टिपल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें, त्या सुमारें ८८० कोटि वर्षांपूर्वीं निघाल्या होत्या. पृथ्वीचें वय सुमारें ४५० कोटि वर्षें. म्हणजे तें पत्र निघालें, तेव्हां तें घेणारें घरच बांधलेलें नव्हतें!

वर्गांत एका मुलानें आम्हांस विचारलें, “मग गुरुजी, आपण आकाशांत पाहतों तें खोटें काय?” खोटें नव्हे, जुनें. वडिलांचें पत्र चार दिवसांनीं हातीं पडलें, म्हणून त्यांतील मजकूर लटका होत नाहीं. मात्र लिहिणारा आज कसा आहे, हें त्यावरून कळत नाहीं. ताऱ्याविषयींहि असेंच समजावें. जें जितकें दूर, तितकें तें जुनें. म्हणूनच ज्योतिर्विदांस विश्वाचा पूर्वेतिहास प्रत्यक्ष पाहतां येतो.

पवित्र शास्त्रांतील ईयोबाच्या पुस्तकांत कृत्तिका व मृगशीर्ष ह्यांचीं नांवें घेऊन मनुष्याच्या सामर्थ्याची मर्यादा दाखविली आहे. ती मर्यादा आजहि आहे. तथापि त्या ताऱ्यांचें अंतर मोजण्याची बुद्धि ज्यानें मनुष्यास दिली, त्याचे उपकार मानून ती वापरणें हें आपलें कर्तव्य होय. पाटणचा मठ आज नाहीं. परंतु त्याच्या काळीं निघालेला प्रकाश अजून येत आहे. ह्या सुटींत एका रात्रीं आपल्या आईवडिलांस अंगणांत बोलवा, व्याध दाखवा, आणि तो किरण निघाला तेव्हां आपल्या घरीं काय चाललें होतें, हें त्यांस विचारा.