घरांतील मुका जीव आणि येणारें बाळ

घरांतील सून गर्भवती आहे असें कळतांच पहिली वक्रदृष्टि वळते ती घरच्या मांजराकडे. भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकांत सदनिकांची दाटी. माणूस, मांजर आणि पाळणा यांस एकाच लहानशा छताखालीं नांदावयाचें. तेव्हां वडील मंडळी "मांजर लांब सोडून या" असें सुचवितात, आणि जिच्या मांडीवर तें वाढलें ती निमूटपणें डोळे पुसते. या आग्रहांत तथ्य किती, हें तपासणें अगत्याचें आहे.

प्रथम जनावराची बाजू पाहावी. कुत्र्यास गर्भधारणा उमगते, असें शास्त्रानें सिद्ध झालेलें नाहीं. परंतु त्याचें घ्राणेंद्रिय अतितीव्र. अंगाचा बदललेला गंध, मंदावलेली चाल, हलविलेलें सामान, चुकलेला फेरफटका हें सर्व त्यास जाणवतें. मग एखादें कुत्रें मालकिणीची पाठ सोडीत नाहीं, एखादें रुसून कोपरा धरतें. मांजर नित्यक्रमाचें भोक्तें. त्यांत बिघाड झाला कीं तें लपतें वा भलत्या जागीं घाण करितें. हा द्वेष नव्हे, ही धास्ती होय.

आतां माणसाची भीति. टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म जंतु १९०८ सालीं प्रथम आढळला. मांजराच्या विष्ठेंतून तो पसरतो, हें १९७० च्या सुमारास निश्चित झालें. गरोदरपणीं त्याची नवी बाधा झाल्यास गर्भास अपाय होऊं शकतो, हें खरें. परंतु विष्ठेंतील जंतु संसर्गक्षम होण्यास निदान एक दिवस लागतो. म्हणून विष्ठेचें पात्र रोजच्या रोज, आणि घरांतील दुसऱ्या कोणीं, स्वच्छ केल्यास धोका पुष्कळच टळतो. अर्धकच्चें मांस व न धुतलेली भाजी यांपासूनही हीच बाधा होते. त्यांविषयीं मात्र घरांत कोणी अवाक्षर काढीत नाहीं! मांजरास कच्चें मांस देऊं नये, बाहेर भटकूं देऊं नये. दोघांसही रेबीजची लस वेळेवर टोचावी. पाळणा महिनाभर आधींच मांडावा, नवे नियम आधींच लावावे, आणि बाळ घरीं येण्यापूर्वीं त्याचें दुपटें जनावरास हुंगावयास द्यावें.

पंचतंत्रांतील ब्राह्मणीनें मुंगसाचें रक्ताळलेलें तोंड पाहिलें, पाळण्याशेजारीं मरून पडलेला साप पाहिला नाहीं, आणि बाळाच्या रक्षकाचाच जीव घेतला. बाळास जनावरापाशीं एकटें ठेवूं नये, हा त्या कथेचा एक बोध; आणि चौकशीवांचून मुक्या जीवास शिक्षा करूं नये, हा दुसरा.