कमी भांडवलात किराणा दुकान : पैसा किती आहे यापेक्षा तो कुठे अडकतो ते पाहा

स्पर्धा परीक्षेची तयारी करता करता तिशी गाठलेले तरुण-तरुणी आज आपल्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहेत. जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा लांबते, परीक्षा झाली तर निकाल अडकतो. मग घरातले म्हणतात, "निदान दुकान तरी टाक." पुढच्या खोलीत मांडणी लागते, बुद्धवंदना घेऊन उद्घाटन होते आणि वर्ष-दीड वर्षात शटर खाली येते. वर समाजातलेच चार लोक ऐकवतात, "आपल्या लोकांना धंदा जमत नाही."

हे बोलणे आम्हाला मान्य नाही. धंदा शिकावा लागतो, आणि शिकण्याची संधीच आपल्याला पिढ्यानपिढ्या नाकारली गेली. परदेशात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजारातील व्यवहारांचा सल्ला देणारी कंपनी सुरू केली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले आणि ती बंद करावी लागली. 1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना अस्पृश्यांना व्यापाराची वाट कशी बंद आहे, हेही त्यांनी मांडले. वाण्याच्या मुलाला गल्ल्यावर बसून जे आपोआप कळते, ते आपल्याला कागदावर मांडून शिकावे लागेल, एवढाच याचा अर्थ.

हा लेख त्यासाठीच आहे. विषय एकच : साठ-सत्तर हजार रुपयांत किराणा दुकान कसे सुरू करावे आणि ते टिकवावे कसे. आमचे म्हणणेही एकच आहे. भांडवल कमी असल्याने दुकान सहसा बुडत नाही. ते बुडते भांडवल अडकल्याने. फर्निचरमध्ये, न खपणाऱ्या मालात आणि उधारीत.

तथागतांनी सांगितलेला दुकानदार

अंगुत्तर निकायात पापणिक सुत्त आहे. पापणिक म्हणजे दुकानदार. त्यात यशस्वी दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. तो डोळस असतो, म्हणजे माल केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला आणि किती सुटले हे त्याला माहीत असते. तो खरेदी-विक्रीत कुशल असतो. आणि तो विश्वासपात्र असतो, म्हणजे पैसेवाल्यांना खात्री असते की हा माणूस घर चालवून आपले पैसेही वेळेवर परत करील. पारख, कौशल्य आणि पत या तीन गोष्टी आजही दुकानाला लागतात. त्यांच्याच आधाराने पुढे जाऊ.

आधी गिऱ्हाईक मोजा

दुकान टाकण्यापूर्वी आठवडाभर वही घेऊन फिरा. आजूबाजूच्या तीस-चाळीस घरांत विचारा : रोज काय लागते, कुठून आणता, किती आणता, पगार किंवा मजुरी कधी मिळते? रोजंदारीवर जाणारे घर महिन्याचा किराणा भरत नाही. ते अर्धा किलो साखर, पावशेर डाळ, दहा रुपयांची चहापत्ती, शॅम्पूची पुडी असा माल रोज घेते. त्यांना मॉल परवडत नाही आणि सोयीचाही नाही. हेच तुमचे गिऱ्हाईक.

जागाही नीट पाहा. वस्तीच्या अगदी आत असलेल्या दुकानाला वस्तीपुरतेच गिऱ्हाईक मिळते. शाळा, बसथांबा, पिठाची गिरणी, दवाखाना यांच्या वाटेवर असलेल्या दुकानात इतर समाजाचे लोकही येतात. काही गावांत जातीमुळे अजूनही गिऱ्हाईक हात आखडते, हे वास्तव आहे. म्हणूनच रस्त्याकडे तोंड असलेली जागा, स्वच्छ माल आणि चोख माप याला आपल्यासाठी जास्त महत्त्व आहे.

आपल्यात धंद्याचा पिंड आहे का हे तपासायचे असेल तर आधी स्टॉल लावून पाहा. दीक्षाभूमीवर, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा आपल्या तालुक्यातल्या जयंतीला पुस्तके, प्रतिमा, पांढरी वस्त्रे विकणारे स्टॉल आपण दरवर्षी पाहतो. दोन दिवसांच्या स्टॉलमध्ये खरेदी, भाव, सुटे पैसे, उरलेला माल आणि थकवा या पाचही गोष्टींचा अनुभव थोड्या पैशात मिळतो.

साठ हजारांची विभागणी

समजा, हातात 60,000 रुपये आहेत आणि जागा घरचीच आहे. आम्ही अशी विभागणी सुचवू :

- मांडणी, टेबल, वजनकाटा, दिवे, पाटी : 12,000
- पहिला माल : 33,000
- हातात राखलेली रोकड : 15,000

पहिल्या ओळीत बहुतेकांची चूक होते. काचेचे काउंटर, पीओपी, फ्लेक्स, नवा फ्रिज यावर निम्मे पैसे जातात आणि मांडण्या रिकाम्या राहतात. जुन्या बाजारातली लोखंडी मांडणी चालते. काटा मात्र चांगला घ्या. फ्रिज उन्हाळ्यापूर्वी, विक्री पाहून घ्या.

तिसऱ्या ओळीला हात लावू नका. चांगला खपणारा माल अचानक संपला, घरात आजारपण आले, तेव्हा ही रोकडच दुकान वाचवते. ती नसेल तर सावकाराकडे किंवा आठवड्याच्या हप्त्याच्या कर्जाकडे जावे लागते, आणि मग हप्ता मालाच्या पैशातून जातो.

जागा भाड्याची असेल तर डिपॉझिट आणि किमान तीन महिन्यांचे भाडे या साठ हजारांच्या वर वेगळे असले पाहिजे. तेवढे नसेल तर घरातूनच सुरुवात करा.

माल फिरला पाहिजे

आता हिशेब पाहू. 33,000 चा माल आहे आणि रोजची विक्री 3,000 रुपये आहे असे धरू. म्हणजे साधारण अकरा-बारा दिवसांत माल एकदा फिरतो. शंभर रुपयांच्या विक्रीमागे सरासरी 10 रुपये सुटले, तर दिवसाला 300 आणि महिन्याला 9,000 रुपये होतात. वीजबिल, मालाची ने-आण, पिशव्या, नासाडी यांचे 2,000 वजा करा. हातात 7,000 उरतात.

एवढ्यात घर चालत नाही, हे आधीच समजून घ्या. पहिली सहा-आठ महिने घरात दुसरी कमाई हवी, किंवा सकाळ-संध्याकाळ दुकान आणि दुपारी दुसरे काम अशी सोय हवी. पण माल अकराऐवजी सात दिवसांत फिरू लागला, तर त्याच 33,000 वर नफा जवळपास दीडपट होतो. नवे भांडवल न घालता कमाई वाढवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

त्यासाठी काही साधे नियम :

- सुरुवातीला रोज लागणाऱ्या साठ-सत्तर वस्तूच ठेवा. एका वस्तूच्या पाच कंपन्या नकोत.
- आठवड्यातून दोनदा थोडी थोडी खरेदी करा. मोंढ्यातून किंवा मार्केट यार्डातून सुटा माल आणताना दोन-तीन ठिकाणी भाव विचारा.
- एजन्सीचा सेल्समन "दहा पेट्यांवर एक फुकट" म्हणेल. दहा पेट्या किती दिवसांत खपतील हे आधी मोजा.
- मुदत संपलेला माल बदलून मिळतो का, हे माल घेतानाच ठरवा. आधीचा माल पुढे, नवा मागे लावा.
- महिनाभर ज्या वस्तूला हात लागला नाही, ती खरेदीच्या भावात विकून पैसे मोकळे करा.
- पॅकबंद मालावर सुटते कमी. डाळी, पोहे, रवा, शेंगदाणे, मसाले असा सुटा माल निवडून, स्वच्छ करून, छोट्या वजनात दिला तर सहसा जास्त सुटते.

उधारी : खरा खड्डा

रोजच्या 3,000 च्या विक्रीतले 500 उधारीवर गेले, तर एका महिन्यात 15,000 रुपये बाहेर अडकतात. म्हणजे आपल्या मालाचा जवळपास निम्मा भाग. मांडणी रिकामी होते, गिऱ्हाईक "तुमच्याकडे काहीच नसते" म्हणून पुढच्या दुकानात जाते, आणि उधारीवाला तोंड चुकवण्यासाठी तिकडेच रोखीने घेतो.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. 500 रुपयांची उधारी बुडाली तर आपले मालाचे 450 रुपये गेले. ते भरून काढायला 4,500 रुपयांची विक्री करावी लागते. दीड दिवस फुकट राबल्यासारखेच.

तरीही वस्तीत उधारी पूर्ण बंद करता येत नाही. मजुरी शनिवारी मिळते आणि बुधवारी घरात डाळ नसते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून उधारीला बंधन घाला. एका घराला ठरलेली मर्यादा, समजा 300 रुपये. मजुरीच्या दिवशी आधीचे चुकते, मग पुढचे. वही दोघांसमोर लिहायची. आणि सर्व उधारी मिळून ठरवलेल्या रकमेच्या वर जाणार नाही, मग समोर मामा असो की कार्यकर्ता.

घरातली उधारी त्याहून वाईट. दुकानातून स्वयंपाकघरात गेलेले तेल, मुलांनी उचललेले बिस्कीट हेही वहीत लिहा. दुकानाचे आणि घराचे बँक खाते वेगळे ठेवा. क्यूआर कोडवर येणारे पैसेही दुकानाच्याच खात्यात जाऊ द्या. गल्ल्यातला पैसा म्हणजे कमाई नव्हे. त्यातले शंभरातले नव्वद मालाचे आहेत.

कागदपत्रे

कागदपत्रांची भीती बाळगू नका, पण टाळाटाळही करू नका.

- महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला परवान्याची गरज नाही. ऑनलाइन सूचना देऊन पोचपावती घ्यायची. पाटी मराठीत, देवनागरीत हवी.
- खाद्यपदार्थ विकायचे तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते.
- काट्याची वैधमापन विभागाकडून ठराविक मुदतीत पडताळणी करून घ्यावी लागते. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही.
- फक्त माल विकणाऱ्या आणि राज्यातच विक्री करणाऱ्या दुकानाची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. आपल्या उदाहरणातील दुकानाची उलाढाल अकरा लाखांच्या आसपास येते.
- उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. 2021 पासून किरकोळ व्यापाऱ्यांनाही ती करता येते. बँकेत उपयोगी पडते.

कर्ज घ्यायचे तर

2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजनांची जिल्हा कार्यालयात चौकशी करा. 1990 साली राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. त्यामुळे धम्म स्वीकारला म्हणून अनुसूचित जातीच्या सवलती जातात, असे कोणी सांगितले तर ते खरे नाही. जातीचा दाखला आधीच तयार ठेवा.

पण आमचा सल्ला असा की, पहिल्याच दिवशी कर्ज घेऊ नका. सहा महिने छोटे दुकान चालवा, रोजची विक्री वहीत लिहा, खात्यात पैसे फिरू द्या. मग ती वही आणि खात्याचा उतारा घेऊन बँकेत जा. सुत्तातली "पत" ती हीच. बँकेने नकार दिला तर कारण लेखी मागा.

काय विकायचे नाही

तथागतांनी उपासकाला शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच गोष्टींचा व्यापार निषिद्ध सांगितला आहे. किराणा दुकानात खरा मोह गुटखा आणि तंबाखूचा असतो, कारण तो माल लवकर खपतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. 2003 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही, आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आतही विकता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या वस्तीतली मुले या पुडीने आजारी पडतात तिथेच ती विकून दुकान उभे करणे आपल्याला शोभत नाही.

समाजाने काय करावे

उद्घाटनाला नेते आणि हार असतात, दुसऱ्या दिवसापासून कुणी फिरकत नाही. दुकानाला हार नको, रोखीने घेणारे गिऱ्हाईक हवे. भीमजयंतीचे भोजनदान असो की वर्षावासातला कार्यक्रम, तांदूळ, डाळ, तेल आपल्याच दुकानातून भाव विचारून, बिल घेऊन, पैसे देऊन घेता येईल. कार्यकर्त्याने उधारी थकवू नये, ही तर पहिली अट. जवळच्या चार-पाच दुकानदारांनी एकत्र खरेदी केली तर भावही मिळतो आणि गाडीभाडेही वाटले जाते. दुकानदारानेही "आपला म्हणून घ्या" असे सांगू नये. भाव आणि माप चोख असेल तर लोक स्वतःहून येतात.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक स्वतःच्या निर्वाहाला, दोन व्यवसायात, आणि एक अडचणीच्या काळासाठी. सात हजारांच्या नफ्यात अर्धा भाग पुन्हा दुकानात घालणे जड जाईल. पण घरात दुसरी कमाई असेल तर पहिले वर्ष तरी तसा प्रयत्न करा. महिन्याला साडेतीन हजार मालात गेले, तर वर्षाअखेर 33,000 च्या मालाचा 75,000 चा माल होतो, तोही कुणाचे कर्ज न घेता.

दुकान टाकायचा विचार असेल तर आजच एक वही घ्या आणि पहिल्या पानावर आपल्या गल्लीतल्या तीस घरांची यादी करा. जयभीम!