माशाची भूक आणि खाद्यातील स्निग्धांश

विजयदुर्गपाशी सागराला मिळणारी वाघोटन खाडी आत खारेपाटणपर्यंत पोहोचते. शिलाहार राजा रट्टराज याच्या शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ च्या ताम्रपटामुळे इतिहासाला परिचित असलेले हे जुने बंदर आज शुक नदीच्या काठी शांतपणे उभे आहे. बंदराचा व्यापार ओसरला, तरी खाडीचे पाणी हे या परिसराचे धन आहेच. निमखाऱ्या पाण्यात पिंजरे टाकून जिताड्यासारखे मासे वाढविण्याचा व्यवसाय सिंधुदुर्गातील खाड्यांत रुजू लागला असून, सन २०१७ मध्ये सुरू झालेल्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेने त्यास चालना दिली आहे. या व्यवसायातील निम्म्याहून अधिक खर्च बहुधा खाद्यावरच होतो. म्हणून मासा केव्हा खातो आणि केव्हा थांबतो, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा राहत नाही.

भुकेचे नियंत्रण

माशाचे पोट भरले की त्याची भूक संपते, हा समज अपुरा आहे. भुकेचे मुख्य नियंत्रण मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाकडे असते. तेथील काही चेतापेशी भूक वाढवितात, तर काही ती आवरतात. आतड्यात स्निग्ध पदार्थ व प्रथिने पोहोचताच कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते. ते जठर रिकामे होण्याची गती मंद करते आणि तृप्तीचा संदेश मेंदूकडे पाठविते.

याखेरीज मेंदू रक्तातील पोषक द्रव्यांची प्रत्यक्ष नोंद घेतो. स्पेनमधील विगो विद्यापीठातील संशोधकांनी रेनबो ट्राउट या माशावर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, रक्तातील ओलेइक आम्लासारख्या मेदाम्लांचे प्रमाण वाढले म्हणजे हायपोथॅलॅमसमध्ये भूक वाढविणाऱ्या घटकांचे कार्य घटते, भूक आवरणाऱ्यांचे वाढते आणि मासा कमी खातो. सस्तन प्राण्यांचा मेंदू प्रामुख्याने लांब साखळीच्या मेदाम्लांची दखल घेतो. ट्राउटचा मेंदू मात्र ऑक्टॅनोइक आम्लासारख्या मध्यम साखळीच्या मेदाम्लांनाही प्रतिसाद देतो. अर्थात सर्व जातींत हा परिणाम सारखा नसतो. माशाची जात, वय आणि पाण्याचे तापमान यांवरही भूक अवलंबून असते.

अधिक तेल, कमी वाढ

एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पिष्टमय पदार्थातून सुमारे ४. योग्य प्रमाणातील तेल उपकारक असते, कारण ऊर्जेची गरज तेलातून भागली म्हणजे महागडी प्रथिने शरीरवाढीसाठी शिल्लक राहतात. परंतु प्रमाण ओलांडले की मासा ऊर्जेची गरज लवकर पूर्ण करतो आणि खाणे थांबवितो.

उदाहरणार्थ, ४५ टक्के प्रथिने असलेले १०० ग्रॅम खाद्य घेणाऱ्या माशास ४५ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्याच खाद्यात प्रथिनांचा अंश तेवढाच ठेवून तेल वाढविले आणि मासा ८५ ग्रॅमवरच थांबला, तर त्याला सुमारे ३८ ग्रॅमच प्रथिने मिळतील. मासा तृप्त दिसेल. पण त्याचे मांस अपेक्षेप्रमाणे वाढणार नाही, उलट पोटात चरबी साठेल. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजून पाण्यातील प्राणवायू घटवील, ते वेगळेच.

जिताडा मांसाहारी असल्याने त्याच्या खाद्यात साधारणतः ४० ते ५० टक्के प्रथिने व १० ते १५ टक्के स्निग्धांश ठेवतात. रोहू, कटला यांना ५ ते ८ टक्के स्निग्धांश पुरतो. एकाचे खाद्य दुसऱ्यास घालणे म्हणूनच हिताचे नसते.

व्यवहारातील दक्षता

अनेक ठिकाणी जिताड्यास तारलीचे तुकडे घालतात. पावसाळ्यानंतर तारलीच्या अंगी चरबी भरते; इतर काळात ती कमी असते. तेव्हा बारा महिने एकाच वजनाचा घास घालण्याचा हिशेब चुकतो. तळ्यातील माशांना दिल्या जाणाऱ्या भाताच्या कोंड्यातही तेलाचा अंश मोठा असतो आणि कोकणच्या दमट हवेत तो लवकर खवट होतो. खवट तेलाने भूक मंदावते व खाद्यातील ई जीवनसत्त्व नष्ट होते. कोंडा ताजा वापरावा. खाद्याची पोती जमिनीपासून उंच, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावीत.

खाद्य एकदम ओतू नये. थोडे थोडे टाकून मासे वर झेपावणे मंदावले की थांबावे, दररोजचे वजन वहीत नोंदवावे आणि ठरावीक दिवसांनी काही मासे तोलून पाहावेत. खाद्य कमी लागले आणि वजनही वाढले नाही, तर पाणी व रोग यांबरोबरच खाद्यातील तेलाचीही तपासणी करावी. रत्नागिरीजवळील शिरगाव येथे सन १९८१ मध्ये स्थापन झालेल्या मत्स्य महाविद्यालयाकडे अशा बाबतीत विचारणा करता येईल.

ग्रामपंचायतीचे सदस्य आणि शिक्षक यांनी बचतगटांना ही नोंदवही ठेवण्याची सवय लावली, तर खाद्यावरील पैसा खाडीच्या तळाशी न जाता माशाच्या वजनात उतरेल.