जीपला ट्रकचा गिअरबॉक्स

नेमावरला नर्मदेची नाभी मानतात. संस्कृतात चाकाच्या मध्यालाही नाभी म्हणतात. आपल्या बैलगाडीवाल्यांचा शब्द तुंबा. हे शब्द मला एकदम आठवले ते खातेगाव रस्त्यावरच्या एका गॅरेजात, काकांच्या जीपखाली उताणा पडलेलो असताना.

जीप महिंद्राची, सीजे-३बी. मूळ गिअरबॉक्स तीन गिअरचा. काळ्या मातीतून भरली ट्रॉली ओढायची तर पहिला गिअरसुद्धा फार वेगाचा. मग क्लच अर्धवट दाबून रेटत न्यायचे, आणि प्लेट जळायची. म्हणून काकांनी भंगारातून जुन्या शेव्हरोलेट ट्रकचा चार गिअरचा बॉक्स आणला. अमेरिकेतले हौशी लोक जुन्या गाडीत दुसरीकडचे भाग बसवून ती पळवतात, तिला हॉट रॉड म्हणतात. आमची हौस उलटी. आम्हाला गाडी हळू हवी होती.

किती हळू, ते गणिताने दिसते. जीपच्या पहिल्या गिअरात इंजिनाचे २.८ फेरे म्हणजे मागच्या शाफ्टचा एक. ट्रकच्या पहिल्यात ७.०५ फेऱ्यांना एक. पुढे एक्सल हा वेग आणखी ५.३८ पट कमी करतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर जुन्या बॉक्सवर जीप ताशी सुमारे १८ किलोमीटर जाईल, नव्यावर ७. वरचा गिअर दोन्हींत सरळ एकास एक, त्यामुळे रस्त्यावरचा वेग तोच राहतो.

आता सोयरीक. इंजिन एका घराण्याचे, बॉक्स दुसऱ्या. दोघांची भोके जुळत नाहीत. मध्ये लोखंडी प्लेट घालावी लागते. क्लच प्लेट बाहेरून जीपच्या मापाची, पण मधल्या खाचा ट्रकच्या शाफ्टच्या हव्यात. त्या शाफ्टचे टोक क्रँकच्या शेपटीतल्या पितळी बुशमध्ये टेकते. बुश नवा घडवावा लागतो. प्लेट फार जाड झाली तर टोक तिथवर पोहोचतच नाही.

पहिल्या खेपेला एका कारागिराने पुठ्ठ्याचा नमुना काढून प्लेटला भोके पाडली. सगळे बोल्ट बसले. आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून क्लच दाबला तरी पुरता सुटेना, गिअर करकरू लागले, आणि आठवड्यात बुश लंबगोल झाला. काका जीप विकायला निघाले.

गॅरेजातल्या म्हाताऱ्या उस्तादांनी बुश हातात फिरवून एवढेच म्हटले, ‘सेंटर आउट है।’ बोल्ट नुसते धरून ठेवतात. मध्य ठरवते ते प्लेटचे मधले भोक, ज्यात बॉक्सच्या तोंडावरची गोल कॉलर घट्ट बसते. क्रँक आणि शाफ्ट एकाच रेषेत फिरले पाहिजेत. चूक चालते ती इंचाच्या पाच हजारांशाइतकी. आपले सुतार-लोहार सुतात मोजतात, आठ सूत म्हणजे इंच. एका सुताचे पंचवीस भाग केले तर त्यातला एक.

उस्तादांनी नवी प्लेट लेथवर बोअर करवली. फ्लायव्हीलवर डायल गेज बांधला, काटा त्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवला आणि इंजिन हाताने फिरवले. काटा एकूण जितका हलतो, त्याच्या निम्मी चूक. हे मला तीनदा विचारावे लागले. प्लेट हलकेच ठोकत काटा जवळजवळ थांबला, तेव्हा डॉवेल पिना ठोकून जागा कायम केली. याला ते ‘सेंटर काढणे’ म्हणतात. शाळेच्या पुस्तकात दंतचक्र हा शब्द आहे आणि तो चांगलाच आहे, त्यात दाते दिसतात. पण ही क्रिया मी कुठल्या मराठी धड्यात वाचलेली नाही. आयटीआयच्या मुलांकडून ती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी, असे शिक्षक म्हणून मला वाटते.

मागे ट्रान्सफर केससाठी आणखी एक प्लेट लागली. केस मागे सरकली, म्हणून मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड केला, पुढचा लांबवला.

ट्रॉली आता क्लचवर पाय न ठेवता निघते. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. चालत्या गाडीत तो घालायचा तर डबल क्लच करावा लागतो. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. काकांनी तरुणपणी ट्रक चालवला आहे, त्यांना सवय आहे. मी बसलो की दाते करकरतात, आणि मागून हाक येते, ‘अरे, मधे रेस दे, रेस!’