डोक्यावरचे सिमेंटचे पत्रे

शाळेच्या वर्गखोल्यांवर, सायकलींच्या शेडवर करडे, नागमोडी पत्रे आपण नेहमी पाहतो. त्यांना आपण ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणतो. पण नुसत्या सिमेंटचा इतका पातळ पत्रा लगेच तडकेल. भिंत लिंपताना मातीत भुसा कालवतात, तसे या पत्र्यांच्या सिमेंटमध्ये बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असतात.

अ‍ॅस्बेस्टॉस हे खनिज आहे. ते जळत नाही, कुजत नाही आणि ताण दिला तरी सहसा तुटत नाही. इमारतीत उपयोगी पडणारे हे गुण शरीरात मात्र घातक ठरतात. त्याचे तंतू उभे चिरत जाऊन डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक होतात आणि श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तेथील भक्षक पेशी त्यांना गिळू पाहतात; पण लांब तंतू त्यांना गिळवत नाहीत. दाह वर्षानुवर्षे चालू राहतो. त्यातून फुफ्फुसे निबर होतात. फुफ्फुसांचा किंवा त्यांच्या आवरणाचा कर्करोगही होऊ शकतो. असा कर्करोग दिसायला बहुधा 20 ते 40 वर्षे लागतात. म्हणूनच मुलांना अधिक जपायला हवे. त्यांच्यापुढे तेवढी वर्षे आहेत.

मग सगळे पत्रे आजच उतरवावेत का? नाही. अखंड पत्र्यात सिमेंट तंतूंना धरून ठेवते. पत्रा कापला, फोडला, त्याला भोक पाडले किंवा तो तारेच्या ब्रशने घासला की तंतू हवेत उडतात. ब्रिटनने 1999 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. तरी तेथील अनेक जुन्या शाळांत ते आजही आहे. सुस्थितीत असेल तर ते न हलवता त्याची नोंद व देखरेख ठेवतात.

आपणही एवढे करू शकतो. नुसत्या नजरेने अ‍ॅस्बेस्टॉस ओळखता येत नाही, म्हणून शंका असेल तेथे ते आहे असेच समजावे. वादळात पत्रा फुटला तर मुलांना दूर न्यावे. तुकडे कोरडे झाडू नयेत. पाणी शिंपडून, न फोडता उचलावेत आणि जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवावेत. मैदानातले खड्डे बुजवायला ते मुळीच वापरू नयेत. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. पत्रे बदलायचे काम माहीतगार माणसांकडून आणि सुट्टीतच करून घ्यावे.

विद्यार्थ्यांसह शाळेचा नकाशा काढून, छतावर न चढता, कोणत्या खोलीवर कसले पत्रे आहेत आणि कोठे तडे आहेत याची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नोंद करावी. दुरुस्तीला येणाऱ्या गवंड्याच्या हाती ड्रिल जाण्याआधी ती नोंद त्याला दाखवावी.