मंत्र्यांच्या दालनाचे दार कोणासाठी उघडते?

शिष्यवृत्ती रखडली की आपण काय करतो? निवेदन लिहितो, सह्या गोळा करतो, मोर्चा काढतो, मंत्र्यांची वेळ मागतो. सरकारचा निर्णय आपल्या बाजूने व्हावा म्हणून केलेल्या या खटपटीलाच लॉबिंग म्हणतात. त्यात गैर काही नाही. भेटीची वेळ पैशाच्या जोरावर मिळू लागली, की मात्र लोकशाही धोक्यात येते.

हे कसे घडते? दरवेळी उघड लाच द्यावी लागते असे नाही. एखादी कंपनी पक्षाला मोठी देणगी देते. बदल्यात काही लिहून घेत नाही. पण नंतर तिचा फोन लगेच उचलला जातो. नियमाचा मसुदा तयार होण्याआधीच तिचे म्हणणे ऐकले जाते. आपले निवेदन मात्र आवक क्रमांक पडून फायलीत जाते.

निवडणूक रोखे आठवा. २०१८ साली आलेल्या या योजनेत १ हजार ते १ कोटी रुपयांचे रोखे स्टेट बँकेतून घेऊन पक्षांना देता येत. देणाऱ्याचे नाव मतदारांना कळत नसे. कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्येच उठवली होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. देणगीमुळे सत्तेपर्यंत पोहोच मिळते आणि त्यातून धोरणांवर प्रभाव पडतो, हे न्यायालयाने स्पष्टपणे मांडले.

रोखे गेले, पण कोण कोणाला भेटले हे आजही झाकलेलेच राहते. लॉबिंगसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. ब्रिटनमध्ये मंत्र्यांच्या बाहेरील संस्थांशी झालेल्या भेटींची यादी प्रसिद्ध होते. तिथे २०१४ च्या कायद्याने व्यावसायिक लॉबिस्टांना नोंदणी सक्तीची केली. तरी कंपन्यांचे स्वतःचे पगारी लॉबिस्ट त्यातून सुटतात. म्हणजे कायदा आला तरी पळवाटांवर नजर ठेवावीच लागते.

राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. मतपेटीपाशी आपण समान असतो. दालनाच्या दाराशी नसतो.

म्हणून पुढचे निवेदन देताना माहिती अधिकाराचा एक अर्जही जोडीला द्या. या निर्णयाआधी कोणाकोणाशी बैठका झाल्या, कोणाच्या सूचना स्वीकारल्या, हे लेखी विचारा. आपली मागणी मान्य होण्याइतकेच हे उत्तर मिळवणेही महत्त्वाचे आहे.